भाकरी, पाणी आणि मान : मानवी गरजांच्या उतरंडीला कोकणातून एक प्रश्न

बी.एड.च्या वर्गात मानसशास्त्र शिकविताना मानवी गरजांची एक उतरंड सांगितली जाते. अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली ती मांडली. तळाशी शरीराच्या गरजा : अन्न, पाणी, झोप. त्यांच्यावर सुरक्षिततेची गरज, तिच्यावर आपलेपणाची, मग प्रतिष्ठेची, आणि सर्वांत वर माणसाने स्वतःमधील शक्ती पूर्णपणे फुलविण्याची. खालचे मडके भरल्यावाचून वरचे भरावयास घेता येत नाही, असा तिचा परीक्षेपुरता अर्थ विद्यार्थी पाठ करतात. मॅस्लो स्वतः इतका कर्मठ नव्हता. काही माणसांत हा क्रम उलटा दिसतो, ध्येयासाठी सर्वस्व सोडणारी माणसेही असतात, हे त्याने त्याच लेखात नोंदवून ठेवले आहे. पुस्तकांत छापला जाणारा त्रिकोणदेखील त्याने काढलेला नाही. तो मागाहून इतरांनी काढला. पण आपल्याकडे आला तो त्रिकोणच, आणि त्याबरोबर आली ती 'आधी खालचे, मग वरचे' ही शिस्त.

ही शिस्त दलित माणसाला नवी नाही. मॅस्लोचे नावही न ऐकलेल्या लोकांनी ती त्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकविली आहे. आधी पोटाचे बघा, मग मानाचे. आधी शिका, पैसा मिळवा, मग देवळात आणि पाणवठ्यावर या. आधी आर्थिक क्रांती होऊ द्या, जात आपोआप जाईल. सनातन्यांनी हे सांगितले, सुधारकांनी सांगितले, क्रांतीची भाषा बोलणाऱ्यांनीही सांगितले. सांगणाऱ्यांचे हेतू निराळे होते. कित्येकांचे प्रामाणिकही होते. पण सर्वांच्या बोलण्यामागे मनुष्यस्वभावाविषयीचे एकच गृहीत होते : भुकेल्या माणसाला मानाची भूक नसते. हे गृहीत इतिहासाच्या कसोटीला उतरते काय, हा या लेखाचा प्रश्न आहे, आणि तो तपासावयास कोकणाइतकी चांगली जागा नाही.

मालवणच्या दक्षिणेला देवबाग आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि मध्ये वाळूची, माडांची एक चिंचोळी पट्टी. टोकाशी नदी समुद्राला मिळते. पलीकडे भोगवे दिसते. येथे सुरक्षितता हा शब्द पुस्तकातला नाही. पावसाळ्यात समुद्र किनारा कापतो, माड मुळासकट जातात, आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी वर्षानुवर्षे चालू राहते. उतरंडीचा नियम अक्षरशः खरा मानला तर या लोकांनी केव्हाच उठून आतल्या मुलखात जावयास हवे होते. ते गेले नाहीत. ते बंधारा मागतात. दुसरा गाव मागत नाहीत. कारण घर, वाडी, होडी, देव आणि भावकी ही सारी त्या वाळूत रुतलेली आहेत. किनाऱ्यावर रापण ओढावयास पुष्कळ हात लागतात, आणि हात लावणाऱ्याला मासळीत वाटा असतो. वाटा असणे हे आपलेपणाचे सर्वांत साधे रूप आहे. ज्याला वाटा आहे तो धोका पत्करूनही राहतो.

आता याच कोकणातला दुसरा माणूस पाहा. त्याच्या घराला समुद्राने धक्का लावला नव्हता. तरी त्याने गाव सोडला, बोटीने मुंबई गाठली, गिरणीत, गोदीत, म्युनिसिपालिटीच्या झाडूखात्यात काम धरले आणि चाळीच्या एका खोलीत दहा माणसांत झोपला. पोटासाठी गेला हे खरे. कुणबीही पोटासाठीच गेला. पण कुणब्याने मुंबईत बसून गावाची जी आठवण काढली, ती महाराच्या मुलाने त्याच सुरात काढलेली नाही. ज्या माणसाने पुढे, १९४८ च्या नोव्हेंबरात, घटनासमितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना कठोर उत्तर दिले, त्याचे मूळ गाव आंबडवे हे याच कोकणातले. गाव कोणाला धरून ठेवते आणि कोणाला ढकलते, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर गावाच्या रचनेत आहे.

दक्षिण कोकणातील ही रचना गावऱ्हाटी या नावाने ओळखली जाते. गावकार, मानकरी, गुरव, घाडी, राऊळ अशी कामे आणि त्या त्या कामाचा मान ठरवून दिलेला असतो. देवापुढे गाऱ्हाणे घालताना बारा-पाचाची सारी व्यवस्था साक्षीला बोलाविली जाते. या व्यवस्थेत महारालाही जागा होती. गावोगावी तपशील निराळा. परंतु अमुक प्रसंगी महार हजर झाल्यावाचून कार्य पुढे जावयाचे नाही, असा परिपाठ असे. गावाच्या शिवेचे ज्ञान त्याला असे आणि हद्दीच्या तंट्यात त्याची साक्ष प्रमाण मानली जाई. ज्याची सावली नको त्याची हजेरी मात्र हवी, असा हा प्रकार होता. आणि या हजेरीला नाव काय, तर 'मान'. मालवणी मुलखात या शब्दाला केवढे वजन आहे हे तेथल्या माणसाला सांगावयास नको. कोणी आधी नारळ ठेवायचा, पालखीला कोणी खांदा द्यायचा, यावरून भावकीत उभ्या पिढीचे वैर आणि कोर्टकचेऱ्या होतात.

गावऱ्हाटीवर लिहिणारे पुष्कळ लोक महाराच्या या मानाकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, त्यालाही स्थान होते. हे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच ते अधिक तपासले पाहिजे. जातिव्यवस्था केवळ दंडुक्यावर शतकानुशतके टिकली असती असे मानणे भाबडेपणाचे आहे. माणसाला कोठे तरी आपण मोडतो, कोणाला तरी आपण हवे आहोत, असे वाटावे लागते. गावाने ही गरज ओळखली होती. तिने महाराला ती पुरविलीही, पण मिठाच्या खड्याएवढी. जेवण नाही, पण चव लागेल एवढे. हा मान व्यक्तीला नव्हता, जागेला होता. कर्तृत्वाने तो वाढत नसे. आणि तो नाकारण्याची सोय नव्हती. जो मान नाकारता येत नाही तो मान नव्हे, ती वेठ आहे. रापणीच्या वाट्यात आणि बलुत्यात हाच फरक आहे. एक हात लावल्याच्या हक्काने मिळतो, दुसरे खळ्यावर उभे राहून, मागून, मालकाच्या मर्जीने.

या मिठाच्या खड्याची ओढ किती असते याची साक्ष चळवळीच्या इतिहासातच आहे. महारकी सोडा, वतनाच्या तुकड्यासाठी गावकीचे हरकामे होऊ नका, असे बाबासाहेब सांगू लागले तेव्हा विरोध एकट्या सवर्णांकडून झाला नाही. 'बहिष्कृत भारता'त १९२७ साली त्यांनी 'महार आणि त्यांचे वतन' या विषयावर सविस्तर लिहिले. १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. गावकामगारांची कनिष्ठ वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने गेली. मधली तीस वर्षे वडीलधाऱ्यांना समजावण्यात गेली. वतन म्हणजे पोटाला अपुरा तुकडा, हे त्यांनाही कळत होते. त्यांना सोडवत नव्हता तो तुकडा नव्हे, त्याच्याबरोबरची जागा. खोट्या तृप्तीचा त्याग खऱ्या उपासापेक्षा अवघड असतो.

कोकणात हा त्याग प्रथम कोणी आरंभला? त्याला कारण लष्कर झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणातील महार मोठ्या संख्येने होते. पगार, मुलांना शाळा, निवृत्तीनंतर पेन्शन, हे सारे मिळाले; पण या सर्वांपेक्षा निराळे असे काही तरी मिळाले. अंगावर गणवेश चढला की माणूस कोणाचा कोण हे आधी पाहिले जात नाही, हुद्दा पाहिला जातो. हुद्दा मिळविता येतो. जोहार घालणाऱ्याच्या मुलाने कधी तरी सलाम घेतला. एकदा ही चव लागली की मिठाच्या खड्यावर भागत नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे अशा पेन्शनरांपैकी एक. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली आणि अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार कोणता, असे सवर्णांना प्रश्न विचारले. दापोलीस अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली. १८९०-९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा १८९४ च्या अर्जात त्यांनी भरती पुन्हा खुली करण्याची मागणी केली. हा अर्ज पाहिला म्हणजे ध्यानात येते की तो नोकरीचा अर्ज आहे, पण निव्वळ नोकरीचा नाही. आम्ही जन्मतः हीन नाही, हा दावा त्यात आहे. पोट आणि प्रतिष्ठा ही एकाच कागदावर, एकाच शाईने मागितलेली आहेत. आधी एक, मग दुसरे, असा क्रम त्या पेन्शनराला सुचलेला नाही. १८९५ साली त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्यासह बसावयास इतर सभासदांनी हरकत घेतली. खुर्ची म्हणजे चार लाकडे. पण हरकत घेणाऱ्यांनाही ठाऊक होते की प्रश्न लाकडाचा नाही.

त्याच महाडला पुढे १९२७ उजाडले.

देवबागसारख्या दोन्हीकडून खाऱ्या पाण्याने वेढलेल्या गावात गोड्या पाण्याची विहीर म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. तहान ही उतरंडीच्या तळाची गरज. तेव्हा महाडचा संग्राम हा पाण्याचा संग्राम, म्हणजेच तळाच्या गरजेचा संग्राम, असे कोणाला वाटेल. शाळेच्या पुस्तकांतून तो बहुधा असाच सांगितला जातो : बिचाऱ्यांना पाणी मिळत नव्हते, बाबासाहेबांनी ते मिळवून दिले. या सांगण्यात दया आहे, पण सत्य थोडे आहे.

घटनाक्रम पुन्हा एकदा पाहू. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे पाणी कागदावर तीन वर्षे खुले होते आणि कोणी ते प्यालेले नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कोकणच्या खेड्यापाड्यांतून हजारो लोक चालत आले. त्यांच्या पिण्याच्या पाण्याची सोय काय केली होती? चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घेतले होते. हा तपशील बाबासाहेबांच्या चरित्रांत एका ओळीत येतो आणि निघून जातो. मला तो महाडच्या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका तपशील वाटतो. तहान भागविलेली होती. पैसे मोजून भागविलेली होती. घसा कोरडा म्हणून माणसे तळ्याकडे निघाली नाहीत. पाणी पोटात गेल्यानंतर जी तहान उरते, तिच्यासाठी ती निघाली.

२० तारखेला मिरवणूक शिस्तीने तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, मग सर्वांनी घेतले. परत येऊन लोक जेवावयास बसले असता, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवून जमावाने मंडपावर हल्ला केला. माणसे झोडपली, अन्न मातीत तुडविले. हल्लेखोरांनी अन्न तुडवावे यात एक भयंकर तर्क आहे : तुम्ही मान घेतलात, आता भाकरी सोडा. मार खाणाऱ्यांत लष्करातून आलेले गडी होते, आणि हात उचलण्याची ताकद त्यांच्यात निश्चित होती. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी तो उचलला नाही. पुढे तळ्यातून घागरी उपसून आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून तळ्याचे शुद्धीकरण झाले. ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रहासाठी पुन्हा माणसे जमली, त्याआधी सवर्णांनी कोर्टाकडून मनाई मिळविली. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने परिषदेला जागा दिली, कारण दुसरे कोणी देईना. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचे पाणी मात्र त्या खेपेस घेता आले नाही. खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे. निव्वळ तहानेचे गणित असे असत नाही.

डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितले होते की या तळ्याचे पाणी प्यालो म्हणून आम्ही अमर होणार नाही, आणि आजवर ते प्यालो नाही म्हणून मेलोही नाही. इतरांसारखीच आम्हीही माणसे आहोत हे प्रस्थापित करावयास आम्ही तेथे जातो. हे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य आहे, शब्द नव्हेत. परंतु मानसशास्त्राचा एखादा सिद्धान्त याहून नेमका मांडता येईल असे मला वाटत नाही.

त्याच परिषदेत स्त्रियांपुढे झालेले भाषण पुष्कळदा किरकोळ समजले जाते, कारण ते लुगड्याविषयी आणि दागिन्यांविषयी आहे. लुगडे कसे नेसावे, गळ्यात-हातात कथलाचे-रुप्याचे ओझे का घालू नये, घरात मेलेल्या जनावराचे मांस का येऊ देऊ नये. थोर नेत्याने एवढ्या क्षुल्लक गोष्टी का बोलाव्यात? पण जात अंगावर लिहिलेली असे. नेसणे आणि दागिने दुरून पाहूनच बाई कोणाची ते ओळखता येई. हा मजकूर खोडावा, असे ते सांगत होते. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी मदत केली आणि परिषद संपण्याआधीच बायका पायघोळ नेसू लागल्या. या बायकांची भाकर त्या दिवशी वाढली नाही. उलट गावी परतल्यावर कमी झाली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या पुस्तकात चळवळीतील स्त्रियांना गाठून त्यांचे बोलणे टिपून ठेवले. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने गरजांचा क्रम तपासायचा असेल तर तेथे आपली उतरंड घेऊन जावे.

भाकर कमी झाली हे मी अलंकाराने म्हणत नाही. मृतमांस सोडले, शिळे तुकडे मागणे सोडले, मेलेली गुरे ओढणे सोडले, की गावाने बहिष्कार घालावयाचा, हे त्या वर्षांतले ठरलेले उत्तर होते. वाण्याने माल द्यायचा नाही, शेतावर काम द्यायचे नाही, वाट वापरू द्यायची नाही. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट कमिटीवर बाबासाहेब सभासद होते. तिच्या १९३० च्या अहवालात या सामाजिक बहिष्काराची नोंद आहे : कायद्याच्या कचाट्यात न सापडता माणसाला नमविणारे हत्यार म्हणून. म्हणजे पाहा, मान मागणाऱ्याची भाकरी तोडली जाते. यावरून उतरंडीचा क्रम सिद्ध होतो काय? क्रम सिद्ध होतो, पण तो निसर्गाचा नव्हे. तो धान्य ज्याच्या कणगीत आहे त्याने घालून दिलेला आहे. पोट भरण्याची अट म्हणून मान खाली घालायला लावायची, आणि मग म्हणायचे की याला मानाची गरजच नाही, हा केवळ पोटार्थी आहे. एखाद्या माणसाला कोंडून ठेवून त्याला फिरण्याची आवड नाही असा निष्कर्ष काढावा, तसे हे.

याचा अर्थ भूक खोटी आहे, असा मुळीच नाही. बाबासाहेबांनीच १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करणारे विधेयक आणले, आणि १० जानेवारी १९३८ ला मुंबईच्या कौन्सिल हॉलवर सुमारे वीस हजार शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. तेव्हा मालवण ज्यात होते त्या रत्नागिरी जिल्ह्यातून आणि कुलाबा, ठाणे येथून कुळे आली. त्यात कुणबी होते, महार होते. मागणी खंडाची होती, जमिनीची होती. आणि खोताच्या घरी राबाव्या लागणाऱ्या वेठीचीही होती. खोती कायद्याने जायला पुढे १९४९ उजाडावे लागले. मुद्दा एवढाच की ही माणसे दोन गरजांच्या दोन चळवळी करीत नव्हती.

३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत झालेले 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण आपण धर्मांतराचे भाषण म्हणून वाचतो. ते मनाच्या गरजांचे भाषण म्हणूनही वाचता येते. माणसाच्या वाढीला तीन गोष्टी लागतात, असे बाबासाहेब तेथे सांगतात : सहानुभूती, समता आणि स्वातंत्र्य. मनुष्यबळ आणि द्रव्यबळ यांच्या जोडीला ते मानसिक बळ मोजतात, आणि निमूटपणे सोसत राहिल्याने ते कसे खचले याचे निदान करतात. याला अर्धशतक उलटून गेल्यावर डेसी आणि रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी स्वायत्तता, सामर्थ्याची जाणीव आणि इतरांशी जिव्हाळ्याचे नाते या तीन मूलभूत मानसिक गरजा म्हणून मांडल्या. आज जगभर त्या शिकविल्या जातात. दोन्ही त्रयी एकच आहेत असे म्हणण्याचा अट्टाहास मी करणार नाही. आपल्याकडे सर्व काही आधीच होते, ही सवय सनातन्यांना लखलाभ असो. फरकच महत्त्वाचा आहे. अमेरिकन त्रयीत सामर्थ्य आहे, तेथे बाबासाहेब समता ठेवतात. एकट्या माणसाने कितीही सामर्थ्य मिळविले तरी शेजाऱ्याने त्याला आपल्या बरोबरीचा मानण्याचे नाकारले तर त्या सामर्थ्याची जाणीव पोखरली जाते, हे बडोद्याच्या नोकरीत, पारशाच्या वसतिगृहातून १९१७ साली बाहेर काढल्या गेलेल्या पदवीधराला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आणि नागपूर. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणात त्यांनी जुना एक हिशेब काढला. महारांनी मेलेली गुरे ओढणे सोडले तेव्हा 'केसरी'त कोणी तरी आकडेमोड केली होती की शिंगे, खुरे, हाडे, कातडे यांचे वर्षाला अमुक रुपये बुडतात. नेता या गरिबांचे नुकसान करतो आहे. आकडेमोड चूक नसेलही. बाबासाहेबांचे उत्तर असे की मग ते उत्पन्न तुम्ही घ्या; माणसाला लाभापेक्षा इभ्रत प्यारी असते. पुढे ते शरीराबरोबर मनाच्या आरोग्याचा विषय काढतात आणि 'उत्साह' हा शब्द वापरतात. उन्नतीची आशाच नसेल तेथे उत्साह उपजत नाही, आणि उत्साह नसेल तर माणूस काहीच करू शकत नाही.

१९६७ साली सेलिग्मन आणि मायर या अमेरिकन संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काहीही केले तरी विजेचा झटका चुकत नाही असा अनुभव ज्यांना आला, ती जनावरे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही बसून राहिली. याला शिकलेली असहायता म्हणतात. दलित समाजाला हे वर्णन लावून पुष्कळ लिहिले गेले, कधी कणव म्हणून, कधी दूषण म्हणून. परंतु २०१६ साली त्याच दोघांनी मेंदूविषयीच्या नव्या माहितीच्या आधारे आपला सिद्धान्त जवळजवळ उलटा केला. दीर्घ यातनेत निष्क्रिय होणे ही मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावी लागते ती गोष्ट दुसरीच : आपल्या कृतीने काही बदलते ही जाणीव. ती एकदा शिकली की पुढच्या आघातातही टिकते. हे वाचताना मला २० मार्चची ओंजळ आठवते. पाणी चवदार होते की नव्हते, हा प्रश्न नव्हता. हात पुढे केला आणि जग बदलले, एवढे शिकून ती माणसे मार खात गावी परतली. म्हणूनच बहिष्कारापुढे ती सगळी पुन्हा वाकली नाहीत.

शिक्षकांसाठी एक प्रयोग नोंदवून थांबतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवावयास दिले आणि जितके सुटतील तितके पैसे देऊ केले. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. जात उच्चारली नव्हती तेव्हा दलित मुलांनी सवर्ण मुलांच्या बरोबरीने चक्रव्यूह सोडविले. मग दुसऱ्या गटात एवढेच केले की मुलाचे नाव, बापाचे, आजोबांचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली. दलित मुलांचे सुटलेले चक्रव्यूह घटले. मुले सारखीच होती, कागद सारखा होता, बक्षिसाचे पैसे सारखे होते, आणि कोणी कोणाला एक अपशब्दही बोललेले नव्हते.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना, अमुक जातीच्या मुलांनी उभे राहा, असे वर्गात सांगण्याची पद्धत आहे. कित्येक चांगले शिक्षकही, मुलांच्या भल्यासाठी, घाईत असेच करतात. शिष्यवृत्ती मिळते. ती मिळालीच पाहिजे. तिच्यावर घर चालते. तो अर्ज मुलाला एकट्याला बोलावून, शिक्षकांच्या खोलीत, बसावयास खुर्ची देऊनही भरून घेता येतो. त्याला सरकारी आदेश लागत नाही, खर्चही येत नाही.